सरोवरांच्या गाळातील हवामानाची नोंदवही

शेतीचा सारा हिशेब हवामानावर उभा असतो. यंदाचे हवामान नेहमीसारखे की निराळे, हे ठरविण्यास मागील वर्षांची नोंद हाताशी असावी लागते. आपल्या देशात हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. त्यामुळे पुष्कळ ठिकाणच्या पर्जन्यमानाची शंभराहून अधिक वर्षांची आकडेवारी आज उपलब्ध आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात मात्र अशी सोय नाही. कॅनडाच्या अगदी उत्तर टोकास असलेल्या एल्झमिअर बेटावर युरेका येथील हवामान केंद्र १९४७ मध्ये व अलर्ट येथील केंद्र १९५० मध्ये सुरू झाले. त्यापूर्वीच्या उन्हाळ्यांचे तपमान तेथे वर्षानुवर्षे कोणी मोजून ठेवलेले नाही. मग हजार-दोन हजार वर्षांपूर्वी तेथील हवामान कसे होते, हे कळावे कसे? याचे उत्तर तेथील सरोवरांच्या तळाशी साचलेल्या गाळातून मिळते. तो गाळ कसा वाचतात, हे या लेखात पाहावयाचे आहे.

थर कसा बसतो

मूळ तत्त्व शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहे. काचेची उंच बरणी अर्धी पाण्याने भरावी. दुसऱ्या भांड्यात मूठभर माती पाण्यात चांगली कालवून ते पाणी बरणीच्या काठावरून हळूच आत सोडावे व बरणी न हलविता ठेवावी. वाळू पाहता पाहता तळाशी जाते, पोयट्यास काही तास लागतात आणि चिकणमातीचे कण कित्येक दिवस पाण्यात तरंगत राहून सर्वांत शेवटी बसतात. पाणी निवळल्यावर पुन्हा तितकीच माती कालवून सोडली, तर पहिल्या थरावर तसाच दुसरा थर बसतो. प्रत्येक थरात खाली जाडसर व वर बारीक माती असते. अशा किती जोड्या झाल्या, हे मोजले की माती किती वेळा घातली ते कळते.

ध्रुवीय सरोवरांत निसर्ग हाच प्रयोग दरवर्षी करीत असतो. वर्षातील बहुतेक महिने सरोवर बर्फाने झाकलेले असते. उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत डोंगरावरील बर्फ व हिमनद्या वितळतात, ओढे वाहू लागतात आणि वाळू व पोयटा सरोवरात येऊन पडतो. पुढे ओढे गोठतात, वर बर्फाचे झाकण बसते, वाऱ्याने पाणी ढवळणे थांबते. त्या निश्चल पाण्यात चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण सावकाश खाली उतरतात. उन्हाळ्याचा फिकट, जाडसर थर व हिवाळ्याचा गडद, बारीक थर मिळून एक वर्ष पुरे होते.

ही गोष्ट शास्त्रीय रीतीने मांडण्याचे श्रेय स्वीडनचे भूशास्त्रज्ञ गेरार्ड डी गेअर यांस जाते. प्राचीन हिमनद्यांपुढील सरोवरांत व समुद्रात साचलेल्या मातीतील असे थर त्यांनी ठिकठिकाणी मोजले, एका ठिकाणचे थर दुसऱ्या ठिकाणच्या थरांशी जुळविले आणि गेल्या सुमारे १२,००० वर्षांची कालगणना १९१० मध्ये स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषदेपुढे ठेवली. या वार्षिक थरास ‘वार्व्ह’ असे म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ फेरा किंवा आवर्तन असा आहे.

आपल्याकडील तलावांत असे स्पष्ट वार्षिक थर सहसा का आढळत नाहीत, असा प्रश्न येथे पडेल. पावसाळ्यातील पुराने तळाचा गाळ ढवळला जातो, उन्हाळ्यात तळ उघडा पडून भेगाळतो, गुरे तो तुडवितात आणि किडे-गांडुळे तो खालीवर करतात. नोंद होते, पण ती टिकत नाही.

सी-२ सरोवराचे उदाहरण

एल्झमिअर बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर ‘सी-२’ या क्रमांकाने ओळखले जाणारे एक सरोवर आहे. पूर्वी तो समुद्राचाच एक फाटा होता. हिमयुगातील बर्फाचा भार उतरल्यावर जमीन हळूहळू वर उचलली गेली आणि फाटा समुद्रापासून तुटला. आजही तळाशी जुने खारे, जड पाणी व वर गोडे, हलके पाणी अशी स्थिती आहे. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नसल्यामुळे तळाशी प्राणवायू पोहोचत नाही, गाळ उकरणारे जीव तेथे जगत नाहीत व थर जसेच्या तसे राहतात.

१९९० च्या दशकाच्या आरंभी रेमंड ब्रॅडली व त्यांचे सहकारी यांनी या परिसरात काम केले. बर्फाला भोक पाडून नळी तळात उतरवावयाची व गाळाचा उभा नमुना वर काढावयाचा, ही अशा कामाची पद्धत. नमुन्यात राळ मुरवून तो कठीण करतात, त्याच्या अतिशय पातळ चकत्या काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक थर मोजतात. सी-२ मधील अशा थरांवरून सुमारे ३,३०० वर्षांची नोंद तयार करण्यात आली व ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली.

थर मोजल्याने वर्ष कळते. हवामान कळण्यास आणखी एक पायरी लागते. यासाठी संशोधकांनी सरोवरास मिळणाऱ्या ओढ्याचे पाणी व त्यातील गाळ उन्हाळ्यात प्रत्यक्ष मोजला आणि अलीकडील थरांची जाडी अलर्ट केंद्राच्या तपमानाशी ताडून पाहिली. उष्ण उन्हाळ्यात बर्फ अधिक वितळतो, ओढा अधिक गाळ आणतो व थर जाड होतो, असा संबंध त्यांना दिसला. हा ताळा जमल्यावरच केंद्र नसलेल्या काळातील थरांकडे वळता येते.

वाचताना घ्यावयाची दक्षता

जाड थर म्हणजे उष्ण उन्हाळा, असा सरसकट नियम करणे धोक्याचे आहे. एखाद्या मोठ्या पावसाने एकाच वर्षी जादा थर बसू शकतो. हिवाळ्यात बर्फ फार पडला असेल, तर उन्हाळा साधारण असूनही ओढ्यास पूर येतो. सरोवराचा काठ ढासळल्यास जुने थर खरवडून नाहीसे होतात. म्हणून एकाच नमुन्यावर विसंबत नाहीत. निरनिराळ्या जागचे नमुने ताडून पाहतात. मोजणीची शहानिशा स्वतंत्र साधनांनीही करतात. अणुस्फोटांच्या चाचण्यांतून पसरलेल्या किरणोत्सारी सीझियमचे प्रमाण १९६३ च्या सुमाराच्या थरात सर्वाधिक सापडते. किरणोत्सारी शिसे सुमारे २२ वर्षांत निम्मे होते. मोजलेली वर्षे या खुणांशी जुळली, तरच ती ग्राह्य धरतात.

काय आढळले

ध्रुवीय सरोवरांचा गाळ, हिमनद्यांचा बर्फ व वृक्षांची वलये यांच्या नोंदी एकत्र करून २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार उत्तर ध्रुवीय प्रदेशाचे उन्हाळे सुमारे दोन हजार वर्षे सावकाश थंड होत होते. दर हजार वर्षांत ही घट अंशाच्या एक-पंचमांशाएवढी होती. पृथ्वीच्या भ्रमणातील मंद बदलामुळे तेथे उन्हाळ्यात मिळणारी सूर्याची उष्णता कमी होत होती, हे त्याचे कारण. ती उष्णता विसाव्या शतकातही कमीच होत राहिली. परंतु तपमान मात्र उलट वाढू लागले. त्या दोन हजार वर्षांतील सर्वांत उष्ण पाच दशकांपैकी चार १९५० ते २००० या काळातील निघाली. केवळ हवामान केंद्रांची आकडेवारी पाहिली असती, तर वाढ दिसली असती. पण ती मूळच्या उताराविरुद्ध आहे, हे समजले नसते.

दक्षिण ध्रुवाकडील सरोवरांचा अभ्यास आपल्या देशातूनही होतो. अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ हे भारतीय केंद्र १९८९ मध्ये शिर्माकर या बर्फमुक्त टापूत उभे राहिले. त्या टापूत शंभराहून अधिक लहानमोठी सरोवरे आहेत. त्यांच्या गाळाचे नमुने आणून गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पूर्वीच्या हवामानाचा शोध घेत आले आहे.

सारांश

एका वर्षाच्या अनुभवावरून हवामानाविषयी मत बनवू नये, आणि नोंद कितीही लांब असली तरी ती पडताळल्यावाचून मानू नये, हे दोन धडे या अभ्यासातून मिळतात. आपल्या तलावांचा गाळ आपल्यासाठी वर्षांचा हिशेब ठेवीत नाही. तो आपणच ठेवावयास हवा. शक्य असेल त्या शेतकऱ्याने, निदान प्रत्येक गावाने, उघड्या जागी पर्जन्यमापक बसवावा. दररोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजून वहीत लिहावा आणि पावसाचा खंड, पेरणीची तारीख व पिकाचा उतारा यांचीही शेजारी नोंद करावी. पाऊस न पडलेल्या दिवशी रकाना कोरा न सोडता शून्य लिहावे, म्हणजे मोजणी राहून गेली की पाऊसच नव्हता, असा संशय पुढे वाचणाऱ्यास उरणार नाही.