धावसंघाची आशा आणि भरतीचा सराव

महाविद्यालयाच्या धावसंघाची वाट आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून जाते. वेळापूर-अकलूज भागातील विद्यार्थ्याने तिथे क्रमांक काढला, तर त्याची निवड पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या संघात होऊ शकते. त्यापुढे आंतरविद्यापीठ स्पर्धा. क्रॉस कंट्रीचे अंतर 10 किलोमीटर असते आणि संघाचा निकाल धावपटूंच्या क्रमांकांच्या बेरजेवर लागतो. बेरीज जितकी कमी, तितका संघ वर. एकट्या वेगवान मुलावर संघ तरत नाही, म्हणून मधल्या फळीतल्या धावपटूलाही किंमत असते.

वेळापूरला पळणे नवे नाही. आषाढी वारीत माउलींच्या पालखी सोहळ्यातला धावा याच परिसरातल्या उतारावर होतो. गाव खो-खोचे म्हणूनही ओळखले जाते. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातला रामजी कश्यप इथलाच. मात्र पहाटे रस्त्याच्या कडेने पळताना दिसणारी बहुतेक पोरे भरतीची असतात, आणि धावसंघाची आशा धरणारा नवखा त्यांच्यातच सामील होतो. बहुतेकांचे पहिले वर्ष इथेच वाया जाते.

पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर पळायचे असते आणि पूर्ण गुणांसाठी 5 मिनिटे 10 सेकंदांची वेळ गाठावी लागते. ही वेळ चांगलीच आहे. पण त्याच वेगाने 10 किलोमीटर पळायचे तर ते साधारण 32 मिनिटे 20 सेकंदांत संपवावे लागेल, आणि 1600 मीटरला जीव काढून पळणाऱ्याला ते झेपत नाही. खो-खोपटूचीही अशीच गफलत होते. त्याची चपळाई झटक्याझटक्याने येणारी, मध्ये विसावा असलेली. लांब पल्ल्याला लागतो तो दम संथ, न थांबता, बोलत बोलत पळता येईल अशा वेगाने महिनोन्महिने पळूनच येतो. रोज घड्याळ लावून 1600 मीटर पळणाऱ्याला हा संथपणा कमीपणाचा वाटतो. आठवड्यातून एक किंवा दोन दिवस वेगाचा सराव पुरतो. बाकीचे दिवस सोपेच ठेवावेत.

दुसरे संकट नडगीचे. निवड चाचणी जवळ आली की अंतर एकदम दुप्पट केले जाते, तेही डांबरावर किंवा चौपदरी पालखी महामार्गाच्या कडेला, झिजलेल्या बुटांवर. स्नायू आणि दम लवकर तयार होतात, हाडाला मात्र वेळ लागतो. नडगीवर पसरट दुखत असेल तर अंतर कमी करून ते बहुधा ओसरते. एकाच बिंदूवर दाबल्यावर कळ येत असेल, रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता असते. असा तडा सुरुवातीच्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला म्हणजे मोकळीक मिळाली असे समजू नये. वेदनाशामक गोळी घेऊन चाचणी पळणे हा तर शुद्ध वेडेपणा. कालव्याच्या कडेची मातीची वाट किंवा शाळेचे मैदान सरावाला बरे. पहाटेच्या अंधारात महामार्ग टाळलेलाच चांगला.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घरात बोलली जात नाही. सराव वाढला, जेवण तेवढेच राहिले आणि पाळी बंद झाली, तर ते फिटनेसचे लक्षण नव्हे; शरीराला अन्न पुरत नसल्याची आणि हाडे ठिसूळ होऊ लागण्याची ती खूण असू शकते. सतत धाप लागत असेल, वेळ सुधारण्याऐवजी घसरत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासावे. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातले लोह पुरते अंगी लागू देत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

जिममध्ये कुणी दिलेली पावडर किंवा इंजेक्शन घेऊ नये. उत्तेजक चाचणीत शरीरात काय सापडले याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. 'मला माहीत नव्हते' म्हणून सुटका होत नाही.

संघात निवड झाली नाही तरी धावणे संपत नाही. शेजारच्या माण तालुक्यातली ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, तिथे क्रॉस कंट्री पळू लागला आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचे रौप्य मिळवले.

कागदपत्रांची बाब छोटी, पण अनेकांना तीच नडते. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट असते आणि खेळाडू नियमित विद्यार्थी असावा लागतो. शासकीय नोकरीतल्या 5 टक्के क्रीडा आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणीही होते, तेव्हा प्रत्येक मूळ प्रमाणपत्र जपून ठेवावे. प्रथम वर्षाला प्रवेश घेतल्याच्या आठवड्यातच शारीरिक शिक्षण संचालकांना भेटावे; निवड चाचणीची तारीख सूचनाफलकावर लागते तेव्हा 10 किलोमीटरची तयारी सुरू करायला उशीर झालेला असतो.