शंकु, घटिकापात्र आणि बुद्धियंत्र

ज्या काळीं दुर्बीण नव्हती आणि खिशांत घड्याळही नव्हतें, त्या काळीं आपल्या पूर्वजांनीं काळाचें व आकाशाचें मोजमाप कसें केलें असेल, हा प्रश्न तुमच्या मनांत कधीं आला आहे काय?

याचें उत्तर भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणि’ ग्रंथांत सांपडतें. १११४ सालीं जन्मलेल्या या सह्याद्रीनिवासी पंडितानें तो ११५० मध्यें रचला. त्यांतील यंत्राध्यायांत अनेक यंत्रांचें वर्णन आहे. त्यांपैकीं तिघांचा आपण विचार करूं.

पहिलें घटिकापात्र. तांब्याच्या अर्धगोल पात्राच्या तळाशीं बारीक छिद्र पाडून तें पाण्यावर सोडीत. तें भरून बुडालें कीं एक घटिका, म्हणजे २४ मिनिटें झालीं. अशा ६० घटिकांचें एक अहोरात्र. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त याच पात्रावर साधीत असत. फैजीनें १५८७ मध्यें ‘लीलावती’चें फारसी भाषांतर केलें, त्यांत एक आख्यायिका आहे. लीलावतीच्या वस्त्रावरील मोतीं पात्रांत पडलें, छिद्र बुजलें आणि मुहूर्त टळून गेला. कथा खरी असो वा नसो, तिचा बोध खरा आहे: यंत्र कितीही चांगलें असलें, तरी त्यावर लक्ष ठेवणारा दक्ष हवा.

दुसरें शंकु. सपाट जमिनीवर ओळंब्यानें सरळ उभी केलेली काठी, एवढेंच हें यंत्र. काठीच्या उंचीचे बारा समान भाग करावे. प्रत्येक भाग एक अंगुळ. २१ मार्चच्या सुमारास माध्यान्हीं पडणाऱ्या तिच्या सावलीस पलभा म्हणतात. नागपुरास ती सुमारें ४·६ अंगुळें भरते, तर उज्जयिनीस ५·१. उत्तरेस जावें तसतशी पलभा वाढते. म्हणून एका काठीवरून आपलें गांव विषुववृत्तापासून किती अंश दूर आहे हें कळतें. नागपूरचें उत्तर २१ अंशांहून किंचित् अधिक येईल. मात्र घड्याळांत बारा वाजण्याची वाट पाहूं नका. नागपुरास त्या दिवशीं खरा माध्यान्ह बारा वाजून सुमारें वीस मिनिटांनीं होतो. सावली सर्वांत आंखूड होईल तोच तो क्षण. २६ मेच्या सुमारास तर ती माध्यान्हीं नाहींशीच होते!

तिसरें धीयंत्र, म्हणजे बुद्धि. आचार्यांनीं सर्व यंत्रांत यासच श्रेष्ठ मानलें. पाण्यांतील प्रतिबिंब पाहून वेळूची उंची काढण्याची रीत त्यांनीं दिली आहे. समजा, तुमचा डोळा जमिनीपासून ४ फूट उंच आहे आणि पाण्याचें तबक तुमच्यापासून ३ फुटांवर व झाडापासून ३० फुटांवर ठेविलें आहे. त्यांत झाडाचा शेंडा दिसला, तर प्रकाशकिरण ज्या कोनानें येतो त्याच कोनानें परततो, म्हणून त्रैराशिकानें झाडाची उंची ४० फूट ठरते.

पालकांनीं येत्या मार्चमध्यें मुलांस अंगणांत एक काठी रोवूं द्यावी. आपण मोजलेली सावली पुस्तकांतील आंकड्याशीं जुळली नाहीं, तर आंकडा बदलून लिहूं नये. काठी सरळ आहे कीं नाहीं हें पुन्हां पाहावें. मोजमापाची खरी विद्या या प्रामाणिकपणापासून सुरू होते.