ताप कधी आला, तेही सांगा

ऑगस्ट २००३मध्ये फ्रान्सात उष्णतेची लाट आली आणि तीन आठवड्यांत एरवीपेक्षा सुमारे १५,००० मृत्यू जास्त झाले. बहुतेक वृद्ध, कितीतरी जण घरात एकटे. डॉक्टर म्हणून मला सर्वांत जास्त बोचतो तो उशीर. माणसं दगावत होती, पण देशभरात काय चाललंय हे एकत्र बघणारं कुणी नव्हतं.

त्यातून धडा घेऊन पुढच्याच वर्षी रोजच्या नोंदी गोळा करायला सुरुवात झाली. तिथं ‘एसओएस मेदसँ’ ही सेवा १९६६पासून आहे. फोन केला की रात्री-अपरात्री, सुटीच्या दिवशीही डॉक्टर घरी येतात. त्यांच्या नोंदीही या कामात आल्या. रुग्णाचं नाव वगळून वय आणि निदान रोज वर पोचतं. शंभर भेटींपैकी फ्लूच्या किती, जुलाबाच्या किती, लहान बाळांच्या दम्यासारख्या त्रासाच्या किती, हे दर आठवड्याला मागच्या वर्षांशी ताडून पाहतात. फ्लू बहुधा आधी शाळकरी मुलांत वाढतो, मग आजी-आजोबांना गाठतो. म्हणून मुलांच्या भेटी वाढल्या की रुग्णालयांना तयारीला थोडे दिवस मिळतात. ते थोडे दिवस फार मोलाचे असतात.

आपल्याकडेही एकात्मिक रोग सर्वेक्षण २००४मध्येच सुरू झालं. आरोग्य केंद्रांतून नियमित अहवाल जातात. पण मेडिकलमधून गोळी आणून अंगावर काढलेला ताप कुठल्याच रकान्यात येत नाही. तुमच्या गल्लीत पाच घरांत ताप असेल आणि पाचही जण घरीच पडून राहिले, तर गावाच्या लेखी तिथं कुणीच आजारी नाही.

म्हणून ताप आला ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. शेजारीपाजारी आणखी कुणाला ताप आहे का, हेही सांगा. तारखेचा उपयोग तुम्हालाही आहे: डेंगीत खरा धोका बहुधा ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान असतो. त्या वेळी पोटात जोराचं दुखलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच दवाखाना गाठा. डेंगीची शंका असेल तर ॲस्पिरिन, ब्रुफेन मनानं घेऊ नका. आणि बाळाच्या श्वासासरशी बरगड्या आत ओढल्या जात असतील, दूध निम्म्यावर आलं असेल, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका.