सेव्ह केले, पण फाइल डिस्कवर उतरली का?

नागापूर एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या बांधवांना हे काम रोजचे आहे. सीएनसी मशीनचा प्रोग्राम म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. ती एडिटरमध्ये उघडायची, माप दुरुस्त करायचे, सेव्ह करायचे आणि पेन ड्राइव्हमधून मशीनला द्यायची. सेव्ह झाले म्हणजे पक्के झाले असे आपण धरून चालतो. व्यवहार इथेच कच्चा राहतो.

सेव्ह केल्यावर एडिटर मजकूर ऑपरेटिंग सिस्टीमच्या हवाली करतो. ती तो लगेच डिस्कवर लिहीतच असे नाही. काही सेकंद मेमरीत ठेवून सवडीने उतरवते. गिऱ्हाइकांच्या गर्दीत दुकानदार उधारी ध्यानात ठेवतो आणि गर्दी सरल्यावर वहीत चढवतो, तसाच हा प्रकार. काम झपाट्याने होते, पण मध्येच वीज गेली तर नोंद गेली.

'आत्ताच डिस्कवर उतरव, तोवर मी थांबतो' असा हुकूम एडिटरला सोडता येतो. लिनक्समध्ये त्याला एफसिंक म्हणतात. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्यास सेकंदाचा १२०वा भाग लागतो, आणि एका सेव्हला असे काही फेरे पडतात. एरवी हे जाणवतही नाही. डिस्क दुसऱ्या कामात गुंतली असेल तर मात्र थांबावे लागते. म्हणून विम आणि ईमॅक्स या एडिटरांत हा हुकूम बंद करण्याची सोय आहे. हाताने टाइप केलेल्या फाइलसाठी तो बंद करू नये, असे आमचे मत आहे. क्षणभर वाचवून तासाभराची मेहनत पणाला कशाला लावायची?

याहून मोठा धोका जुन्या फाइलवरच नवी लिहिण्यात आहे. मध्येच वीज गेली तर जुनी पुसलेली आणि नवी अर्धवट! लिनक्सच्या एक्स्ट४ फाइल सिस्टीमबाबत २००९ साली अशीच तक्रार गाजली. संगणक अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाला की काही फाइली शून्य बाइटच्या निघत. यावरचा शहाणा मार्ग असा : नवा मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहायचा, तो डिस्कवर पक्का करायचा आणि मगच तिला जुन्या फाइलचे नाव द्यायचे. नवी वही पुरी उतरल्याशिवाय जुनी फाडायची नाही.

सेव्ह न केलेल्या मजकुराची गोष्ट वेगळी. विम दर २०० अक्षरांनी, किंवा टाइप करणे ४ सेकंद थांबले की, स्वॅप फाइलमध्ये नोंद करून ठेवतो.

पेन ड्राइव्हच्या बाबतीत विंडोज १० मध्ये २०१८ च्या आवृत्तीपासून पटकन काढण्याची सोय मुळातच लावलेली असते. कोणी वेगासाठी ती बदलली असेल, तर 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय ड्राइव्ह ओढू नये. दुरुस्ती पोहोचलीच नाही, तर जुन्याच मापाने माल कापला जातो आणि पार्टी तो परत करते. म्हणून फाइल मशीनवर घेतल्यावर बदललेले माप आणि प्रोग्राम संपवणारी एम ३० ची ओळ पडद्यावर पाहावी, मगच सायकल स्टार्ट दाबावे.