मेंदूज्वर : योजना सीमेपलीकडचीही हवी



मेंदू व मज्जारज्जूभोवती पातळ आवरणे असतात. त्यांना जंतूंमुळे सूज आली की त्या आजाराला आपण मेंदूज्वर म्हणतो. जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, मान ताठणे, उलट्या, उजेड सहन न होणे, गुंगी ही त्याची लक्षणे. जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात सुमारे सहापैकी एक रुग्ण दगावतो. वाचलेल्यांपैकी काहींना कायमचा बहिरेपणा येतो. म्हणून लक्षणे दिसताच दृष्ट काढत न बसता ताबडतोब दवाखाना गाठावा.

हा रोग येण्याआधीच कसा रोखावा, हे आफ्रिकेकडून शिकण्यासारखे आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या २६ देशांच्या पट्ट्यात १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले, सुमारे २५,००० दगावले. साथ आल्यावर धावपळ करून भागेना. तेव्हा सर्व पट्ट्यासाठी मिळून योजना आखली गेली. परवडणारी लस हवी होती. ती बनवली आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो, माली व नायजर येथे मोठी मोहीम सुरू झाली. ज्या 'ए' प्रकारच्या जंतूसाठी ती लस होती, त्याचा २०१७ नंतर तेथे एकही रुग्ण नोंदला गेला नाही.

आता आपले गाव पाहू. कंग्राळीच्या कितीतरी सुनांचे माहेर चंदगड, गडहिंग्लजकडे, म्हणजे महाराष्ट्रात. बाळंतपण माहेरी होते. मेंदूज्वराच्या एका प्रमुख प्रकारापासून वाचवणारी पेंटाव्हॅलेंट लस ६, १० व १४ आठवड्यांना द्यायची असते. न्यूमोकोकल लस ६ व १४ आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात. दोन्ही राज्यांत या लसी सरकारी केंद्रात मोफत मिळतात. पण नेमकी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आई सासरी परतते, कार्ड माहेरच्या कपाटात राहते आणि डोस चुकतो. जंतू मात्र राज्याची हद्द विचारत नाही.

पालकांना आमची विनंती: घरातल्या लहान बाळाचे कार्ड आजच पाहा. डोस राहिला असेल तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा. माहेरी जाताना-येताना कार्ड बाळाच्या दुपट्याबरोबरच बांधा.

स्वाध्याय
१) मेंदूज्वराची चार लक्षणे लिहा.
२) घरातील बाळाच्या कार्डावरून पुढील लसीची तारीख वहीत लिहा व आईला वाचून दाखवा.