आधी प्लांटवर जा

चि. सोनू,


सिमेंट कंपनीसोबतच्या प्रकल्पात तुझी पीएचडी ठरली, हे दादाने फोनवर सांगितलं. ऊर भरून आला. तेव्हापासून तुला लिहायचं मनात होतं.

तुझा विषय एलसी३ सिमेंटच्या जवळचा आहे म्हणे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या कॅरन स्क्रिव्हनर, क्युबाचे फर्नांडो मार्तिरेना आणि आपल्या दिल्ली-मद्रास आयआयटीतली मंडळी यांनी मिळून ते उभं केलं. कागदावर कृती सोपी दिसते: क्लिंकर निम्मं, भाजलेली माती ३० टक्के, चुनखडीची पूड १५, जिप्सम ५. क्लिंकरला १४५० अंश लागतात, माती ८०० च्या आसपास भाजते. शिवाय मातीतून सुटतं ते पाणी, कार्बन डायऑक्साइड नव्हे. तरीही भारतीय मानक, आयएस १८१८९, निघायला २०२३ उजाडलं.

मधल्या काळात काय काय निस्तरावं लागलं ते बघ. कुठल्या खाणीतल्या मातीत निदान ४० टक्के केओलिनाइट आहे, हे भूगर्भवाल्याने शोधायचं. मातीत लोह असेल तर सिमेंट तांबूस येतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, यात विटांचा चुरा मिसळलाय! तो रंग भट्टीवाल्यांनी आवरला. माती थंड होताना प्राणवायू कमी ठेवला की ती करडी राहते. एकट्या सिव्हिलवाल्याला हे कधी सुचलं असतं का?

माझा एक अनुभव सांगते. भाजलेल्या मातीचंच एक मिश्रण आम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये बसवलं होतं. स्लंप १५० मिलिमीटर, सगळे खूश. मे महिन्यात एका साइटवर ते पहिल्यांदा गेलं. ट्रांझिट मिक्सर दीड तासाने पोचला. मी स्लंपचा कोन उचलला, तर काँक्रीट कोनाच्याच आकारात ताठ उभं! पंप घेईना. शेवटी मुकादमाने ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडला. २८ दिवसांनी क्यूब फेल गेले आणि आम्ही अहवालात लिहिलं, ‘साइटवरील निष्काळजीपणा’. ते वाक्य मला आजही बोचतं. त्या रस्त्याला दीड तास लागतोच, हे मुकादमाला रोजचं ठाऊक होतं. आम्ही त्याला आधी विचारलंच नव्हतं. नंतर ॲडमिक्श्चरवाल्या केमिस्टला सोबत घेतलं, तेव्हा कुठे ते मिश्रण दोन तास नरम राहिलं.

म्हणून सांगते, पहिला महिना लॅबमध्ये बसू नकोस. बॅचिंग प्लांटवर जा, ऑपरेटरशेजारी उभी राहा. वाळू ओली आली की तो पाणी किती कापतो ते बघ. त्याचे शब्द शीक.

कंपनीसोबतच्या करारावर सही गाइडची असेल, तरी तो तू स्वतः वाच. छापण्याआधी कंपनीने मजकूर बघावा, त्यात गैर काही नाही; पण किती दिवसांत ते लिहून घे. फसलेले निकाल छापायची मुभाही त्यातच मागून घे, नंतर कुणी देत नाही.

आणि एक, हे मनापासून. कंपनी तुला २८ दिवसांची ताकद विचारेल; तू टिकाऊपणाचंही बोल. एलसी३ समुद्राच्या क्लोराइडला उत्तम तोंड देतं, आपल्या कोकणपट्टीला ते फार मोलाचं आहे. पण त्यात चुना कमी उरतो, म्हणून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत लवकर शिरतो. क्युअरिंगमध्ये हयगय झाली तर जास्तच. हे त्यांना आवडणार नाही, तरी पहिल्याच बैठकीत सांग. या सिमेंटच्या घरात माणसं पन्नास वर्षं राहणार आहेत गं.

सेफ्टी शूज मात्र स्वतःचे विकत घे. प्लांटवर मुलींच्या मापाचे क्वचितच मिळतात, आणि ढिले बूट घालून सायलोची शिडी चढू नकोस.

तुझी,
आत्या