तारांचे रंग आणि भंगारातला रेडिओ

भंगारात निघालेल्या गाडीतून रेडिओ काढणारा माणूस नेहमी घाईत असतो. प्लग सोडवत बसण्याऐवजी तो तारा कापून रेडिओ उपसून घेतो. त्यामुळे रेडिओ आपल्या हाती येतो तेव्हा त्याच्या पाठीमागे नुसता रंगीत तारांचा झुबका लोंबत असतो. या रंगांवर किती विसंबावे? एका स्नेह्यांच्या जर्मन बनावटीच्या जुन्या गाडीत असा रेडिओ मी बसवला. त्या कामाच्या आधारे हे लिहीत आहे.

प्रथम रेडिओकडच्या तारा पाहू. बाजारात सुट्या मिळणाऱ्या रेडिओंत एक संकेत बराच रूढ आहे. पिवळी तार बॅटरीकडून अखंड १२ व्होल्ट आणते; घड्याळ व स्टेशनांची स्मृती तिच्यावर टिकते. लाल तारेला चावी फिरवल्यावर वीज मिळावी अशी अपेक्षा असते. काळी तार चेसिसला, म्हणजे ऋण टोकाला जोडायची. स्पीकरच्या चार जोड्या असतात : पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. जोडीतली काळ्या रेघेची तार ऋण.

इथवर सोपे आहे. घोटाळा होतो तो गाडीकडच्या तारांशी गाठ पडल्यावर. जर्मन गाड्यांच्या रूढ पद्धतीत ऋण तार तपकिरी, बॅटरीची अखंड तार लाल, आणि काळी तार चक्क चावीनंतरची धन! काळीला काळी जोडली तर काय होईल? रेडिओची धातूची पेटी आतून त्याच्या काळ्या तारेला जोडलेली असते आणि ती गाडीच्या सांगाड्याला टेकते. चावी फिरवताच १२ व्होल्ट सरळ सांगाड्यात उतरतात. फ्यूज उडाला तर नशीब. फ्यूजच्या जागी कुणी जाड तार गुंडाळून ठेवली असेल, तर डॅशबोर्डामागचे वेष्टण जळू लागते.

आपल्या भागात वाढलेल्यांना यात नवल वाटू नये. ‘हल्ली’ म्हटले की मराठी माणसाला आजकालचे दिवस आठवतात, कन्नड माणूस भिंतीवर पाल शोधतो. रंगाचेही तसेच. तो कोणाच्या बोलीतला, हे आधी ठरवावे लागते.

ते ठरवण्यासाठी मल्टिमीटर हवा. मीटरचे काळे टोक सांगाड्याच्या रंग खरवडलेल्या धातूला लावून लाल टोकाने गाडीची एकेक तार तपासावी. चावी बंद असताना १२ व्होल्टच्या आसपास दाब दिसला तर ती अखंड तार. चावी दिल्यावरच दिसला तर ती रेडिओच्या लाल तारेची जोडीदार. पार्किंगचे दिवे लावल्यावर दाब आला तर ती प्रकाशासाठीची. मात्र मीटर नगण्य प्रवाह घेतो. गंजून एकाच धाग्यावर उरलेली तारही त्याला १२ व्होल्ट दाखवते. म्हणून रेडिओच्या म्हणून पक्क्या ठरलेल्या तारांवर ५ वॅटचा दिवा लावून पाहावा. तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो. दिवा मंद पेटला तर तार किंवा तिचा सांधा खराब समजावा.

एक इशारा इथेच द्यायला हवा. अलीकडच्या गाड्यांत पिवळे प्लग किंवा पिवळ्या नळीतल्या तारा बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटर, दिवा, काहीही लावू नये. रेडिओची पिवळी तार आणि ही पिवळी यांचा काडीचा संबंध नाही.

स्पीकरच्या जोड्या ओळखणे गमतीचे आहे. तारा रेडिओपासून सुट्या असताना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल जोडीला क्षणभर टेकवावा. ज्या दारातून ‘टक’ आवाज येईल तो स्पीकर त्या जोडीचा. कागदी शंकू बाहेर सरकला तर सेलच्या धन टोकाची तार धन. एखादा स्पीकर उलटा जोडला गेला तर बिघडत काही नाही, पण दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध हलतात आणि तबल्याचा डग्गा ऐकू येईनासा होतो.

घरातल्या वायरिंगमुळे हिरवी तार म्हणजे अर्थिंग हे आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. रेडिओतली हिरवी सांगाड्याला जोडणे घातक आहे. आजच्या बहुतेक रेडिओंत स्पीकरच्या दोन्ही तारा पुरवठ्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे ६ व्होल्ट दाबावर तरंगत असतात. त्यातली एकही सांगाड्याला टेकली तर ध्वनिवर्धकाची चकती जळण्याचा संभव असतो.

सर्व ओळख पटल्यावर बॅटरीचे ऋण टोक सोडवले, मगच तारांना डाग दिले आणि प्रत्येक सांध्यावर वेगळी नळी चढवली. पिवळ्या तारेत रेडिओच्या मूळ क्षमतेचा फ्यूज घातला. रेडिओ वाजला. चावी काढून पुन्हा लावल्यावर स्टेशने जागेवर होती, म्हणजे पिवळी व लाल यांची अदलाबदल झालेली नव्हती. ही अदलाबदल फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांत हमखास होते, कारण आयएसओ प्लगातील चौथे व सातवे टोक तिथे एकमेकांच्या जागी असते. शेवटी कोणती तार कशाची, याचा तक्ता कागदावर लिहून मी रेडिओच्या पेटीवर चिकटवला. उद्या हा रेडिओ आणखी कोणाच्या हाती जाईल, त्याला मीटर लावण्यापूर्वी निदान काही वाचायला मिळेल.